ऑइल बदललं, पण गाडी तपासली का? ‘फ्री इन्स्पेक्शन’चा कागद नेमकं काय सांगतो

अमेरिकेत पंधरा मिनिटांत गाडीचं ऑइल बदलून देणारी दुकानं जवळपास प्रत्येक गावात आहेत. अपॉइंटमेंट लागत नाही. गाडी आत घ्यायची, काही ठिकाणी तर खाली उतरायचीही गरज नसते, आणि हातातली कॉफी संपायच्या आत काम होतं. बिलासोबत एक कागद मिळतो. त्यावर वीस-पंचवीस गोष्टींची यादी आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. टायरमधली हवा: ठीक. वायपर: ठीक. ब्रेक: ठीक. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल: ठीक.

ही शेवटची खूण मोठी बोलकी आहे. हल्लीच्या बहुतेक मोटारींचं पॉवर स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात ऑइल नसतंच, ऑइलची डबीही नसते. मग जे गाडीत नाहीच, ते ‘ठीक’ कसं निघालं?

गिअरबॉक्सचंही तसंच. आजच्या कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक दिलेली नसते. ऑइलची पातळी पाहायची तर गाडी उचलावी लागते, ऑइल ठरावीक तापमानाला आणावं लागतं आणि खालून एक प्लग उघडावा लागतो. पंधरा मिनिटांच्या दुकानात हे होणं शक्य नाही. तरीही कागदावर खूण असते.

ज्याला गाडीतलं थोडंफार कळतं, त्याचा विश्वास इथेच उडतो. पण चिडण्यापेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ही खूण न पाहता केली असेल, तर ब्रेकपुढची खूण तरी पाहून केली होती का?

एक कागद, दोन अर्थ

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी कुटुंब राहतं. या भागात भारतीयांची वस्ती मोठी आहे, मराठी घरंही बरीच. ऐंशी हजार मैल चाललेली सेकंड हँड गाडी आहे. भारतातून आई-बाबा आलेत, म्हणजे नायगारा ठरलेलाच. जाऊन-येऊन आठशे मैलांच्या आसपासचा प्रवास. निघायच्या आदल्या दिवशी कूपन वापरून ऑइल बदललं, कागदावर सगळं हिरवं. परत येताना मागच्या चाकातून धातूवर धातू घासल्यासारखा आवाज यायला लागला. दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक काढलं तर आतल्या बाजूचा ब्रेक पॅड जेमतेम एक मिलिमीटर उरलेला, आणि ब्रेकच्या डिस्कवर चरे.

कुटुंबाच्या मते त्यांना ‘गाडी तपासली आहे’ असं सांगण्यात आलं होतं. दुकानाच्या मते त्यांनी ‘नजर टाकली’ होती, आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं: ही केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी आहे. या दुकानांच्या पाहणीबद्दल नाराजी निर्माण होते ती बहुतेक वेळा याच फटीतून. ‘इन्स्पेक्शन’ हा शब्द ग्राहक डॉक्टरच्या तपासणीसारखा ऐकतो. दुकानासाठी तो पंधरा मिनिटांतला दीड मिनिट असतो.

पंधरा मिनिटांत काय दिसतं?

ही दुकानं फोफावली १९७० च्या दशकानंतर. त्याआधी अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांवर माणूस यायचा, पेट्रोल भरायचा, काच पुसायचा, बॉनेट उघडून ऑइल बघायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पंपांनी खर्च कापला, ग्राहक स्वतःच पेट्रोल भरू लागले, आणि पंपामागच्या छोट्या गॅरेजच्या जागी चिप्स-कोल्ड्रिंकची दुकानं आली. (गंमत म्हणजे न्यू जर्सीत आजही ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे.) गाडीवर सहज नजर टाकणारा माणूस गेला. ती पोकळी झटपट ऑइलवाल्यांनी भरली.

त्यांची रचना हुशारीची आहे. जमिनीत खड्डा असतो, गाडी त्यावर उभी राहते. एक जण खाली उभा राहून जुनं ऑइल सोडतो आणि फिल्टर बदलतो. दुसरा बॉनेट उघडून नवं ऑइल ओततो, काच धुवायचं पाणी भरतो, एअर फिल्टर बघतो. तिसरा ग्राहकाच्या खिडकीशी उभा राहून बोलतो. गाडी उचलावी लागत नाही, चाकं काढावी लागत नाहीत. वेळ वाचतो तो यामुळेच, आणि पाहणी तोकडी पडते तीही यामुळेच.

या रचनेत काही गोष्टी खरोखर चांगल्या दिसतात. खाली उभ्या असलेल्या मुलाला इंजिनचं गळणारं ऑइल दिसतं, सायलेन्सरचा गंज दिसतो, पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरचा फाटलेला रबरी बूट दिसतो. हा बूट वेळेत बदलला तर थोडक्यात निभावतं, नाहीतर आतलं ग्रीस उडून जातं, माती शिरते आणि अख्खा जॉइंट बदलावा लागतो. वर उभ्या असलेल्याला कुलंटची पातळी, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी, टायरची झीज, बंद पडलेला दिवा हे सगळं दिसू शकतं. त्याने बघितलं तर.

ब्रेकचं मात्र अवघड आहे. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारली तर बाहेरचा पॅड कसाबसा दिसतो. आतला दिसत नाही. अनेक गाड्यांत आधी झिजतो तो आतलाच. म्हणजे चाक न काढता ‘ब्रेक ठीक’ अशी खूण करणारा माणूस फार तर अर्ध्या ब्रेकबद्दल बोलत असतो. प्रामाणिक दुकानं या रकान्यात ‘पाहिलं नाही’ असं लिहितात. तो रकाना कोरा दिसला की ग्राहकाला वाटतं यांनी कामचुकारपणा केला. खरं तर त्या कागदावरचं ते सगळ्यात खरं वाक्य असतं.

खुणा न पाहता का होतात?

सोपं उत्तर म्हणजे ‘पोरं आळशी आहेत’. ते अर्धवट आहे. या दुकानांत काम करणारे बरेचसे जण विशी-पंचविशीतले, तासावर पगार घेणारे असतात. अमेरिकेत मेकॅनिकसाठी १९७२ पासून एएसई ही प्रमाणपत्राची व्यवस्था आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि ऑइल बदलायला ते प्रमाणपत्र लागत नाही. दुकानात शिकवलेलं दुकानाच्या कामापुरतं असतं. त्यात दाराबाहेर चार गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. दुकानाच्या मॅनेजरला वरून दोन आकडे विचारले जातात: आज किती गाड्या झाल्या, आणि दर बिलामागे सरासरी रक्कम किती. ‘किती गाड्या नीट तपासल्या’ हा आकडा कोणी विचारत नाही, कारण तो मोजताच येत नाही.

या दोन आकड्यांतूनच दोन उलट्या तक्रारी जन्माला येतात. गाड्यांची संख्या वाढवायची म्हणून न पाहता खुणा होतात. आणि बिल वाढवायचं म्हणून, जे बिघडलेलं नाही ते बिघडलं असं सांगितलं जातं. कूपनवर ऑइल बदलून दुकानाच्या हाती फार काही उरत नाही. कमाई असते ती एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, आणि निरनिराळ्या ‘फ्लश’मध्ये.

बक्षिसं आणि टार्गेटं माणसाकडून काय करवून घेतात, याचं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑइलच्या दुकानाचं नाही, सिअर्स या अवाढव्य दुकानसाखळीच्या गाडी-दुरुस्ती विभागाचं आहे. कॅलिफोर्नियात गाडी दुरुस्तीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं आहे, ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर या खात्याने आपले लोक साधे ग्राहक बनवून पाठवले. गाड्या आधीच तपासून ठेवलेल्या. ब्रेकचं किरकोळ काम सोडलं तर त्यांत दोष नव्हता. ३८ भेटींपैकी ३४ वेळा गरज नसलेलं काम सुचवलं किंवा केलं गेलं. सरासरी जादा बिल २२३ डॉलर.

जून १९९२ मध्ये हे जाहीर झालं आणि खळबळ उडाली. न्यू जर्सीच्या ग्राहक विभागानेही तशीच कारवाई केली. चौकशीत जे पुढे आलं ते मुरब्बी ठगांच्या टोळीचं चित्र नव्हतं. सल्लागारांना कमिशन होतं, आणि पाळीत अमुक इतकी अलाइनमेंटं, अमुक इतके स्प्रिंग विकायचे असा कोटा होता. जाणूनबुजून फसवल्याचा आरोप कंपनीने नाकारला, पण पगाराच्या या पद्धतीमुळे चुका होतील असं वातावरण तयार झालं हे तिचे प्रमुख एडवर्ड ब्रेनन यांनी मान्य केलं. पुढे तडजोड झाली, ग्राहकांना ५० डॉलरची कूपनं दिली गेली, आणि सल्लागारांचं कमिशन व ते कोटे बंद झाले. तीस वर्षं उलटली, तरी मॅनेजमेंटच्या वर्गात हे प्रकरण शिकवलं जातं.

खिडकीशी आणलेला काळा फिल्टर

आता दुसऱ्या प्रकारची नाराजी. तुम्ही गाडीत बसलेले असता आणि खिडकीशी एक मुलगा काळाकुट्ट फिल्टर घेऊन येतो. ‘सर, बघा काय अवस्था आहे.’ समोर घाण दिसतेय म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्याकडच्या माणसाला तर जास्तच संकोच वाटतो, शेजारी सासरे बसलेले असतील तर विचारायलाच नको.

पण धूळ अडवणं हेच फिल्टरचं काम. तो मळलेला दिसणारच. प्रश्न तो मळलाय का हा नसून त्यातून हवा जाते का हा आहे, आणि त्याचं उत्तर साधारणपणे मैलांत असतं. गाडीसोबत मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये फिल्टर किती मैलांनी बदलायचा ते लिहिलेलं असतं. शिवाय बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पान्याशिवाय हाताने निघतो. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून आणून घरी बदलला तर खर्च बराच कमी येतो. मुद्दा पैशांपेक्षा सवयीचा आहे: एकदा स्वतः बदलला की पुढच्या वेळी खिडकीशी आलेला फिल्टर आपल्याच गाडीतला आहे की नाही हेसुद्धा ओळखता येतं.

फ्लशबद्दल जरा जास्त सावध राहावं लागतं. गिअरबॉक्सचं ऑइल मशीन लावून धुऊन काढायची सेवा दुकानं आग्रहाने विकतात. अनेक गाडी कंपन्या मात्र जुनं ऑइल नुसतं सोडून नवं भरायला सांगतात, आणि काही तर मशीनने फ्लश करू नका असंच लिहितात. इथे चुकीचं ऑइल पडलं तर नुकसान हजारो डॉलरचं. पॉवर स्टेअरिंग फ्लश विजेवरच्या स्टेअरिंगच्या गाडीला सुचवला गेला, तर मग काही बोलायलाच नको.

आणि काचेवरचं ते स्टिकर. ‘पुढचं ऑइल ३,००० मैलांनी.’ तीन हजार मैल म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. साध्या ऑइलच्या आणि जुन्या इंजिनांच्या काळात हा आकडा शहाणपणाचा होता. आज सिंथेटिक ऑइल वापरणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या ५,००० ते १०,००० मैलांचा हिशेब देतात, आणि ऑइल किती शिल्लक आहे हे गाडीचा डॅशबोर्डच सांगतो. कॅलिफोर्नियात तर सरकारनेच या ३,००० मैलांच्या सवयीविरुद्ध मोहीम चालवली होती. लोकांचा खर्च वाचावा हा एक भाग, आणि विनाकारण टाकून दिल्या जाणाऱ्या ऑइलचं काय करायचं ही दुसरी डोकेदुखी.

याचा अर्थ दुकानाने सुचवलेलं सगळं खोटं असतं असा नाही. फाटलेला बूट, गळणारं कुलंट, टायरच्या कडेला आलेला फुगा, हे कोणी दाखवलं तर आभार मानून फोटो काढून घ्यावा. फरक ओळखायची एक साधी पद्धत आहे. ‘खराब आहे’ हे मत झालं, ‘दोन मिलिमीटर उरलाय’ हे माप. माप सांगणाऱ्याचं ऐकावं, मत सांगणाऱ्याला माप विचारावं.

मग गाडी तपासतं कोण?

इथे गोष्ट ग्राहकाच्या चिडचिडीपुरती राहत नाही. न्यू जर्सीत पूर्वी सरकारी तपासणी केंद्रात खासगी गाड्यांचे ब्रेक, स्टेअरिंग, दिवे बघितले जायचे. ऑगस्ट २०१० पासून ही यांत्रिक तपासणी बंद झाली, फक्त धुराची राहिली. टेक्सासनेही १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द केली. म्हणजे एडिसनच्या त्या कुटुंबाच्या गाडीखाली वर्षभरात कोणी डोकावत असेल, तर तो ऑइल बदलणारा मुलगाच. बाकी कोणीच नाही.

डेलावेअर नदी ओलांडून पलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलं की चित्र वेगळं. तिथे गाडीची सुरक्षा तपासणी अजून सक्तीची आहे, ती परवानाधारक मेकॅनिकने करायची असते, आणि चाकं काढून ब्रेक बघणं हा नियमाचाच भाग आहे. तेच ‘इन्स्पेक्शन’, पण नदीच्या एका काठावर त्यामागे कायदा उभा आहे आणि दुसऱ्या काठावर कूपन. गाडीवाल्याला हा फरक माहीत नसेल तर तो दुकानाच्या कागदाला सरकारी कागदाचं वजन देऊन बसतो. नव्याने अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे फार होतं. पहिलीच गाडी, तीही जुनी, आणि ओळखीचा मेकॅनिक नाही.

टायरपुरती तरी थोडी सोय आहे. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. हवा शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी घसरली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. अनेक गाड्या तर चारही टायरचा आकडा दाखवतात. दुकानाच्या कागदावर चारही टायरपुढे एकच गोल आकडा लिहिलेला असेल आणि दाराबाहेर पडल्यावर डॅशबोर्ड चार वेगळे आकडे दाखवत असेल, तर बाकीच्या रकान्यांवर किती भरवसा ठेवायचा हे कळून चुकतं. टायरची नक्षी मोजायला अमेरिकेत एक सेंटचं नाणं वापरतात. लिंकनचं डोकं खाली करून नाणं खाचेत घालायचं. त्याचं पूर्ण डोकं दिसलं तर टायर बदलायची वेळ आली. ही मर्यादा सुमारे १.६ मिलिमीटरची आहे, भारतातही मोटारींसाठी तीच.

खरा धोका कधीकधी ऑइलमध्येच

पाहणीच्या वादात एक गोष्ट मागे पडते. या दुकानात गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं ते मुख्य कामातच. इंजिनच्या तळाशी ऑइल सोडायचा बोल्ट असतो. तो सैल राहिला तर ऑइल गळतं, जास्त आवळला तर आटे जातात. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनला चिकटून राहते. ती न बघता वर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर येतात, आणि हायवेच्या वेगाला, दाब वाढल्यावर, ऑइल भसकन बाहेर पडतं. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

यावरचा उपाय फुकटात आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर लगेच हायवेला लागू नये. जवळच्या पार्किंगमध्ये सपाट जागी गाडी थांबवावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघावी, खाली वाकून थेंब पडताहेत का बघावं. बिलावर लिहिलेला ऑइलचा ग्रेड, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२०, ऑइलच्या झाकणावर छापलेल्या ग्रेडशी जुळतो का तेही. वॉरंटी जाईल या भीतीने फक्त कंपनीच्याच शोरूममध्ये जायची गरज नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार ऑइल बाहेर बदललं एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. पावत्या मात्र जपून ठेवायच्या.

तक्रार कशाची करायची?

परत त्या एडिसनच्या ब्रेककडे. रागाच्या भरात कुटुंब दुकानाकडे नव्या पॅडचे पैसे मागेल. तिथेच प्रकरण फसेल. पॅड झिजले ते गाडी चालवून, दुकानाने झिजवले नाहीत. ते कधीतरी बदलायचेच होते. मागता येईल ती गोष्ट वेगळी आहे. ‘ठीक’ या खुणेवर विसंबून गाडी आठशे मैल चालवली आणि त्यात डिस्कवर चरे पडले, तो खर्च.

त्यासाठी झिजेचं गणित कामी येतं. एक मिलिमीटर पॅड झिजायला साधारणपणे काही हजार मैल लागतात. म्हणजे आज एक मिलिमीटर असलेला पॅड आठशे मैलांपूर्वीही बदलण्याच्या मर्यादेखालीच असणार. दुकान म्हणू शकतं की ब्रेकचा कॅलिपर अडकला आणि पॅड एकदम झिजला. हे होऊ शकतं, आणि म्हणूनच दुसऱ्या गॅरेजकडून लेखी घ्यायचं: चारही चाकांच्या पॅडची मापं, आतली-बाहेरची वेगळी, आणि कॅलिपर मोकळा आहे का. ही मापं, दुकानाचा खुणांचा कागद, दोन्ही बिलांवरचे मैल आणि जुन्या पॅडचे फोटो, एवढं हातात असलं की बोलणं ‘तुम्ही फसवलं’ वरून ‘हे असं कसं झालं ते सांगा’ वर येतं. जुने पॅड टाकून दिले तर अर्धा पुरावा गेला. कॅलिफोर्नियात काम सांगतानाच जुने पार्ट परत मागितले तर ते देणं गॅरेजवर बंधनकारक आहे, आणि कामाआधी लेखी अंदाजपत्रकही.

आधी दुकानाचा मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक कार्यालय, तेही ईमेलने. अनेक दुकानं एखाद्या मालकाने फ्रँचायझी म्हणून घेतलेली असतात, त्यामुळे कंपनी आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी राज्याच्या ग्राहक विभागाकडे अर्ज करता येतो. न्यू जर्सीचा ग्राहक फसवणूकविरोधी कायदा कडक आहे. फसवणूक आणि त्यातून झालेलं नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाईची तरतूद आहे. तिथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय मांडता येतो. बारीक अक्षरातली ‘केवळ पाहणी’ ही ओळ दुकानाला थोडं वाचवते. पण जे गाडीत अस्तित्वातच नाही त्याच्यापुढे केलेली ‘ठीक’ची खूण पाहणीत कशी बसते, हे दुकानालाच सांगावं लागेल.

आपल्याकडचं जॉब कार्ड

महाराष्ट्रात पंधरा मिनिटांच्या दुकानांची संस्कृती तेवढी रुजलेली नाही. इथे गाडी सकाळी सर्व्हिस सेंटरला टाकायची आणि संध्याकाळी आणायची. पण ‘फ्री चेकअप कॅम्प’ आणि त्यानंतर येणारा सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘सर, एसी क्लीनिंग करून घ्या, इंजिन डिकार्ब करून घ्या, खालून अँटी-रस्ट मारून घ्या.’ आपण ऑफिसात मीटिंगमध्ये असतो, ‘बरं, करा’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतल्या खिडकीशी निदान काळा फिल्टर तरी दिसतो, इथे तोही नाही. आणि खासगी मोटारीला फिटनेसची सरकारी तपासणी लागते ती नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी. तोवर फक्त पीयूसी, म्हणजे धूर. या बाबतीत पुणे आणि एडिसन सारखेच.

सोडवणुकीची जागा म्हणजे जॉब कार्ड. गाडी देताना त्यावर तक्रारी आपल्या शब्दांत लिहायला लावायच्या, मीटरचं रीडिंग टाकायला लावायचं, ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम नको, जुने पार्ट परत हवेत’ हेही लिहून घ्यायचं, आणि सहीआधी फोटो काढायचा. फोनवर सुचवलेल्या कामाचा अंदाज व्हॉट्सॲपवर मागायचा. न केलेल्या कामाचं बिल किंवा खोटी तपासणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.